३२ मीटरची गॅन्ट्री आणि तिच्या सर्व्हो केबली: बुटीबोरीच्या कामाच्या नोंदी

११ मार्च २०२४

नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी. एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचा कारखाना. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भट्टीतून, निघालेले ब्लॉक उचलून पॅलेटवर रचणारी गॅन्ट्री, म्हणजे दोन पायांवर रुळावरून चालणारी क्रेन. रुळावरचा पल्ला ३२ मीटर. दोन्ही पायांना एकेक सर्व्हो मोटर (जागा आणि वेग नेमका धरणारी), गर्डरवरच्या ट्रॉलीला एक, उचलणीला एक, आणि ती ब्रेकची. चारही मोटरींच्या केबली एकाच ड्रॅग चेनमधून येतात, म्हणजे केबली पोटात घेऊन गॅन्ट्रीसोबत वळत-उलगडत जाणाऱ्या साखळीतून. तक्रार नेहमीची: चालता चालता एन्कोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर) फॉल्ट, रीसेट केला की पुन्हा सुरू.

आधीच्या ठेकेदाराचे एक ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवून चालवणारं यंत्र) आणि दोन एन्कोडर बदलून झालेत. फॉल्ट तसाच. मालकाचं म्हणणं, आता सगळे ड्राइव्ह नवीन घ्यायचे का, एवढंच सांगा.

मेंटेनन्सचे काका मात्र कामाचे निघाले. त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक फॉल्टसमोर गॅन्ट्री कुठे उभी होती ते लिहिलेलं आहे. खांब नंबरने का होईना, पण लिहिलेलं. म्हटलं, काका, हे लिहायला कोणी सांगितलं? तर म्हणाले, "सांगते कोण? मीच लिहून राहिलो. रोज एकाच जागी मरते, तर जागेचा काही संबंध असन नं."

संबंध आहेच. बहुतेक फॉल्ट गॅन्ट्री ११ मीटरच्या आसपास असताना. चेनचं स्थिर टोक शून्यावर, पॅनल रूमच्या भिंतीपाशी. चेनची लांबी साधारण ३३ मीटर. चेनचं वळण गॅन्ट्रीच्या निम्म्या वेगाने सरकतं, त्यामुळे वळणाची जागा म्हणजे गॅन्ट्रीचं अंतर अधिक चेनची लांबी, भागिले दोन. ११ आणि ३३ मिळून ४४, त्याचे निम्मे २२. केबलला स्थिर टोकापासून २२ मीटरवर काहीतरी झालंय. ड्राइव्हचा दोष असता तर तो खांब पाहून आला नसता.

ट्रॉलीच्या एन्कोडर केबलचे दोन्ही कनेक्टर सोडवले, मोटरच्या बाजूला कोअर (केबलच्या आतल्या तारा) जोडीने शॉर्ट केले आणि पॅनलच्या बाजूला मीटर लावून गॅन्ट्री हळूहळू ढकलली. ११ मीटरच्या आसपास एका जोडीचा रेझिस्टन्स उडतो, पुढे गेलं की परत येतो. गॅन्ट्री उभी ठेवून केबल तपासली तर ती दरवेळी चांगलीच निघणार. आजवर तेच झालं असावं. पॉवर केबली मेगर केल्या, म्हणजे इन्सुलेशन मोजलं, अर्थात ड्राइव्हपासून सोडवून. इन्सुलेशन ठीक आहे.

मालकाला सांगितलं, ड्राइव्ह नको, केबली बदलायच्या. त्यांचा चेहरा फारसा खुलला नाही. केबल म्हणजे किरकोळ सामान, त्यात दोष असला तर इतके महिने कोणाला कसा दिसला नाही, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे.

१४ मार्च

उचलणीची पॉवर केबल आणि ट्रॉलीची एन्कोडर केबल चेनमधून काढून यार्डात सरळ पसरली. बघण्यासारखं दृश्य होतं. पहिले १६ मीटर केबल अगदी सरळ, जॅकेटवरची, म्हणजे बाहेरच्या आवरणावरची, छपाईसुद्धा वाचता येते. त्यानंतर नागमोडी, पिळवटलेली. मध्येच जॅकेट फुगून आतल्या कोअरचे उंचवटे बाहेरून दिसतात. हेल्पर पोरगा म्हणाला, "सर, थे तर दोन वेगवेगळ्या केबली वाटतात." केबल एकच आहे. स्थिर टोक पल्ल्याच्या एका कडेला असलं की चेनचा पहिला निम्मा भाग कधी हलतच नाही, जमिनीवर पडून असतो. वळण फिरतं ते १६ ते ३३ मीटरमध्येच. एवढी वर्षं अर्धी चेन नुसती महागडी ट्रे म्हणून वापरली गेली.

२२ मीटरपाशी जॅकेट चिरलं. आत काय निघालं ते तपशीलवार लिहून ठेवतो, कारण पुढची निवड यावरच करायची आहे.

पॉवर केबल: कोअर थराथराने गुंडाळलेले, म्हणजे आत एक थर आणि त्यावर दुसरा. वाकताना बाहेरच्या बाजूचा कोअर ताणला जातो, आतल्या बाजूचा दाबला जातो. गुंडाळीचा पीळ लांब असला तर तोच कोअर बराच वेळ बाहेरच्या बाजूला राहतो, त्याला सुटका नसते. लाखो वेळा असं झालं की ताणलेला कोअर लांबतो, दाबलेल्याला जागा उरत नाही, आणि तो जॅकेटला ढकलत बाहेर येतो. पीळ पडतो तो असा. चांगल्या चेन केबलमध्ये कोअर आखूड पिळाच्या जोड्या-जुड्यांमध्ये गुंफतात, त्यामुळे प्रत्येक कोअर थोड्या थोड्या अंतराने आत-बाहेर होतो आणि ताण-दाब आपसात फिटतात.

ब्रेकच्या जोडीतला एक कोअर आतून तुटलेला. वरचं इन्सुलेशन धड, आत तांब्याच्या तारांची टोकं एकमेकांना टेकलेली. हा आणखी काही आठवडे चालला असता, आणि मग एक दिवस भार हवेत असताना ब्रेक लागला असता. ब्रेक सप्लाय गेल्यावर लागतो म्हणून बरं, उलट असता तर बोलायलाच नको.

एन्कोडर केबल: जोड्यांवरची फॉइल शील्ड (विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) भुग्यासारखी झाली आहे. बाहेरची विणलेली जाळी ठिकठिकाणी तुटून तिच्या बारीक तारा आतल्या इन्सुलेशनमध्ये घुसल्यात. एके ठिकाणी तार थेट सिग्नल कोअरपर्यंत पोचली आहे. फॉइल सतत वाकणाऱ्या केबलमध्ये टिकत नाही हे वाचून माहीत होतं. हातात भुगा घेऊन बघणं वेगळं.

जॅकेटवरचा प्रकार पाहून डेटाशीट काढली. त्यात 'स्थिर' आणि 'अधूनमधून हालचाल' असे दोनच रकाने, आणि हलत्या वापरासाठी वळणाची त्रिज्या व्यासाच्या १५ पट मागितली आहे. केबल १४.५ मिमी, म्हणजे साधारण २१८ मिमी. लावलेल्या चेनची त्रिज्या १००. केबल बनवणाऱ्याने तर खरं तेच लिहून दिलं होतं.

१८ मार्च

मोजमापं. पल्ला ३२ मीटर, वेग दीड मीटर प्रतिसेकंद, प्रवेग साधारण १ मीटर प्रतिसेकंद वर्ग. तासाला ४० फेऱ्या, म्हणजे जाणं-येणं मिळून एक अशा ४०. दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर २ लाख ४० हजार फेऱ्या. एका फेरीत ६४ मीटर. वर्षाला गॅन्ट्री १५,३६० किलोमीटर पळते. हा आकडा मालकाला सांगितला तेव्हा पहिल्यांदा ते खुर्चीत पुढे झुकले. ट्रकला इतकं पळवलं तर टायर, ऑइल सगळ्याचा हिशोब ठेवतात. केबल मात्र एकदा टाकली की बिल्डिंगच्या वायरिंगसारखी आयुष्यभर चालावी अशी अपेक्षा.

स्थिर टोक पल्ल्याच्या मध्यावर आणायचं. मग चेनची लांबी म्हणजे पल्ल्याचे निम्मे अधिक पाय (π) गुणिले त्रिज्या: १६ अधिक ०.६३, अधिक सरकत्या चेनसाठी निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे थोडी जास्तीची. साडेसतरा मीटर घ्यायची. पॅनलपासून केबलची एकूण लांबी यात वाचत नाही, कारण जी १६ मीटर चेनमध्ये पडून होती ती आता ट्रेमध्ये पडून राहील. पण निम्म्या चेनचे पैसे वाचतात, आणि त्या पैशात मोठ्या त्रिज्येची चेन येते. पॅनलच मध्यावर नेलं असतं तर केबलही वाचली असती. मालकाने साफ नाही म्हटलं. पॅनल रूमला एसी आहे, मध्ये उन्हात आणि राखेत पॅनल ठेवायचं नाही. त्यांचं बरोबर आहे, मीही आग्रह धरला नाही.

त्रिज्या २०० मिमी. १४.५ च्या केबलला हे व्यासाच्या जवळजवळ १४ पट होतं. चेनसाठीच्या चांगल्या पीयूआर (पॉलियुरेथेन आवरणाच्या) केबलच्या कॅटलॉगमध्ये ७.५ पट सुद्धा चालते असं लिहिलेलं असतं. ती तळाची मर्यादा आहे, तिथे जाऊन बसायचं कारण नाही. चालण्याच्या पट्टीखाली ५५० मिमी जागा आहे, तेव्हा २०० ची चेन बसते. जागा असताना लहान त्रिज्या घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात स्वस्त दिसणारा आणि सर्वात महाग पडणारा निर्णय होता.

२२ मार्च

पॉवर कोअरचा आकार. पायांच्या मोटरी ९ अँपिअर, ट्रॉली ५, उचलणी १२. जुन्या केबलीत उचलणीला अडीच स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) आणि बाकी सगळीकडे दीड.

मशिनरीच्या विद्युत सुरक्षेचं मानक आयईसी ६०२०४-१. त्यातले तक्ते ४० अंश हवेसाठी आहेत. बुटीबोरीत पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ४० अंश म्हणजे सकाळचे नऊ वाजले. म्हणून ५० अंशाचा गुणक धरला, ७० अंशी पीव्हीसीसाठी तो ०.८२ आहे. चार भारित केबली शेजारी शेजारी, त्याचा ०.७७. दीड स्क्वेअरची मोकळ्या हवेतली क्षमता १६.१, दोन्ही गुणक लावले की उरतात १०.२ अँपिअर. ९ च्या मोटरला चालेल, पण काठावर. अडीचला २२ वरून १३.९ उरतात. चेन केबलीचं इन्सुलेशन पीव्हीसीपेक्षा जास्त तापमान सोसणारं येतं, म्हणजे प्रत्यक्षात थोडं जास्तच मिळेल, पण त्यावर विसंबून हिशोब करायचा नाही.

चारही मोटरींना अडीच स्क्वेअरच घ्यायचं ठरवलं. ट्रॉलीला ती उगाच जाडी आहे हे खरं. पण मग स्टोअरमध्ये एकच केबल सुटी ठेवली की चौघींना चालते. रात्री दोन वाजता दीडची आहे की अडीचची हे शोधत बसावं लागत नाही.

ब्रेकच्या जोडीचाही हिशोब केला. सर्वात लांबच्या मोटरपर्यंत ४८ मीटर, जाऊन-येऊन ९६. ब्रेकला २४ व्होल्ट, १ अँपिअर. पाऊण स्क्वेअरच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला २६ ओम, म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच जातात, ब्रेकपाशी २१.५ उरतात. ब्रेकला २१.६ च्या खाली नको असतात. अर्धवट उचललेला ब्रेक घासत राहतो आणि लायनिंग जळतं. दीड स्क्वेअरची जोडी घेतली तर २२.७ मिळतात. अडीचच्या चार कोअरसोबत दीडची जोडी, तिला वेगळी शील्ड, ही रचना बाजारात तयार मिळते. छान.

लांबीचा दुसरा त्रास व्होल्टेजचा. ४१५ व्होल्ट सरळ करून ड्राइव्हच्या आत ५८७ व्होल्ट डीसी होतात आणि ते मोटरकडे तुकड्या-तुकड्यांनी पाठवले जातात. एका तुकड्याचा चढ ०.१ मायक्रोसेकंदाचा. केबलमध्ये लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर जाते, म्हणजे साडेसात मीटरच्या पुढे केबल गेली की मोटरपाशी लाट आपटून परतते आणि तिथे व्होल्टेज दुपटीच्या जवळ, साडेअकराशेच्या वर चढू शकतं. आपली केबल ४८ मीटर. तेव्हा ६००/१००० व्होल्टची केबल, आणि कोअरचं इन्सुलेशन पीव्हीसीचं नको. पीव्हीसी तारांमधलं कपॅसिटन्स वाढवतं. प्रत्येक तुकड्याबरोबर ड्राइव्हला केबलच भरावी-रिकामी करावी लागते. पॉलिप्रॉपिलीन किंवा त्या जातीचं इन्सुलेशन यात निम्म्यावर येतं. या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये चोक (लाट सौम्य करणारी कॉइल) न लावता शील्ड केबलची मर्यादा ५० मीटर आहे. आपण ४८ वर. गर्डरवर कोणी हौसेने दोन मीटर गुंडाळी ठेवली तर मर्यादेवर जाऊन बसू.

२७ मार्च

धुळवडीमुळे दोन दिवस शेडमध्ये कोणी नव्हतं. आज जॅकेट.

ब्लॉकसाठी लागणारी इथली राख कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून येणाऱ्या जातीची, त्यात चुना आणि सिमेंट. राख बोटांना पिठासारखी लागते, पण काचेसारखी कठीण असते. चेनमध्ये दोन केबलींच्या मध्ये जाऊन बसली की हळूहळू दोघींना कापते. शिवाय ऑटोक्लेव्ह उघडताना वाफ येते, थंड पत्र्यावर पाणी होऊन ठिबकते. म्हणजे क्षारयुक्त ओल.

पीव्हीसी स्वस्त, पण घासाला कमी आणि उन्हाळ्यात मऊ पडून शेजारच्या केबलीला चिकटणारं. ते नाही. टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) घासाला बरं, वाकायला उत्तम, लहान त्रिज्येत त्याला तोड नाही. पण आपली त्रिज्या मोठी आहे, तो फायदा आपल्याला लागत नाही. पीयूआर घासाला आणि चिरेला सर्वात चिवट. त्यातही दोन जाती. पॉलिएस्टरवर आधारलेलं पीयूआर गरम ओलीत हळूहळू विघटतं, त्याला भेगा पडतात. पॉलिईथरवर आधारलेलं टिकतं. कॅटलॉगमध्ये नुसतं 'पीयूआर' असतं, म्हणून दोन्ही पुरवठादारांना लेखी विचारलं: पॉलिईथर आहे का. एकाने तासाभरात हो म्हणून डेटाशीट पाठवली. दुसऱ्याने "टॉप क्वालिटी पीयूआर आहे सर" असं कळवलं.

३ एप्रिल

एन्कोडरचा सप्लाय. आजचा दिवस यातच गेला आणि सार्थकी लागला.

एन्कोडर ५ व्होल्टचा, अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे ४.७५ च्या खाली जायला नको. करंट १५० मिलिअँपिअर. जुन्या केबलीत सप्लायचे कोअर अर्धा स्क्वेअर, किलोमीटरला ३९ ओम. ९६ मीटरला ३.७४ ओम, ड्रॉप ०.५६ व्होल्ट. एन्कोडरपाशी ४.४४ हवेत. सगळ्यात लांबच्या मोटरपाशी मीटर लावलं: ४.४६. म्हणजे ही गॅन्ट्री उभारल्या दिवसापासून कमी व्होल्टेजवर चालतेय. एन्कोडरने इतकी वर्षं सांभाळून घेतलं हे त्याचं मोठेपण.

एक स्क्वेअर घेतलं तर ड्रॉप निम्मा, ४.७२. तरीही कमीच. आणि तांबं तापलं की रेझिस्टन्स अंशाला ०.४ टक्क्यांनी वाढतो, मे महिन्यात आणखी बारा टक्के धरा. नुसती तार जाड करून भागत नाही. मॅन्युअल चाळताना लक्षात आलं, ड्राइव्हच्या एन्कोडर कार्डवर सेन्सच्या दोन पिना आहेत. एन्कोडरपाशी खरं व्होल्टेज किती ते त्या वाचतात आणि ड्राइव्ह तेवढा सप्लाय चढवून देतो. जुन्या वायरिंगमध्ये त्या पिना रिकाम्या. तेव्हा एन्कोडर केबलमध्ये सप्लायची जोडी एक स्क्वेअर, सेन्सची एक जोडी, आणि सिग्नलच्या जोड्या. सगळं जुड्यांमध्ये गुंफलेलं, वर विणलेली जाळी, फॉइल नाही.

आता मुळातला फॉल्ट तुटक्या तारेचा की कमी व्होल्टेजचा? ११ मीटरचा तुटक्या तारेचा, ते सिद्ध झालंय. पण रजिस्टरमध्ये काही नोंदी भलत्याच खांबांच्या आहेत, आणि त्या बहुतेक एप्रिल-मेच्या दुपारच्या. त्यांच्याबाबत माझा संशय या अर्ध्या व्होल्टवर आहे.

५ एप्रिल

'टॉप क्वालिटी'वाले विक्रेते स्वतः आले. स्वभावाने चांगले गृहस्थ. म्हणाले, "एक कोटी सायकलची केबल आहे, डोळे मिटून घ्या."

विचारलं, एक कोटी कुठल्या त्रिज्येला?
"स्टँडर्ड त्रिज्येला."
चाचणीचा पल्ला किती होता? तापमान किती? प्रवेग किती?
"सर, इतकं कोणीच विचारत नाही."

नागपुरातच काय, कुठेच विचारत नसावेत, म्हणून तर यार्डात ती नागमोडी केबल पडली आहे. आखूड पल्ल्यावर, अधांतरी चेनमध्ये घेतलेल्या चाचणीत केबल फक्त वाकते. आपल्या चेनचा वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर सरकत जातो. चेन ढकलली-ओढली जाते आणि आत केबली लांबीच्या दिशेने घासतात. सायकलचा आकडा त्रिज्या, पल्ला, वेग आणि तापमान यांच्यासकट दिला तरच त्याला अर्थ. बरे निर्माते तसा तक्ता देतात. पुण्याहून आलेल्या कोटेशनसोबत तो होता, आणि २०० त्रिज्येला लांब पल्ल्याच्या ओळीत आमचं काम बसत होतं.

त्यांचं म्हणणं पुढे असं, की कंपनी मोठी असली की केबल चांगलीच. तेही पुरेसं नाही. सीमेन्सचंच घ्या: त्यांची मोशन-कनेक्ट ५०० ही मुख्यतः स्थिर बसवण्यासाठी आहे आणि ८००प्लस ही चेनसाठी. दोन्हींवर नाव एकच, रंगही सारखा. चुकीची टाकली तर नावाने वाचवत नाही.

चहा घेऊन गेले. भाव पुण्याच्या निम्मा होता, हे मालकाला मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगून ठेवलं.

८ एप्रिल

उद्या पाडवा, त्याआधी जोडाचा वाद मिटवायचा होता.

माझा प्रस्ताव: मध्यावर, स्थिर टोकापाशी एक बंद बॉक्स. पॅनलपासून तिथपर्यंत साधी स्थिर शील्ड केबल, तिथे कनेक्टर, आणि पुढे चेनची महाग केबल. म्हणजे चेनमधली केबल बदलायची वेळ आली की ट्रेमधली २२ मीटर ओढायला नको. एका शिफ्टमध्ये काम.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जोड म्हंजे रोग, राजेहो. आज बाराशे रुपयांचा गास्केट लावान, दोन वर्षांनं थो फाटन, राख आत. मंग तुम्ही नसान, मीच असन."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पॉवरच्या कनेक्टरला राखेने फारसा फरक पडत नाही, पिना जाड, व्होल्टेज मोठं. एन्कोडरच्या मिलिव्होल्टच्या दुनियेत मात्र गंजलेली एक पिन पुरते, आणि शील्डचा धागा तिथेच तुटतो. शेवटी असं ठरलं: पॉवरला जोड, धातूच्या घरात, शील्ड चारही बाजूंनी दाबून. एन्कोडर केबली पॅनलपासून मोटरपर्यंत अखंड. पूर्ण ४८ मीटर चेनच्या दर्जाची केबल घ्यावी लागते, खर्च वाढतो. पण ज्याला रात्री उठून यायचं आहे, त्याचं ऐकावं.

१२ एप्रिल

ऑर्डर गेली. केबली पुण्याच्या स्टॉकमधून, चेन आणि ट्रफ (चेन ज्यात सरकते तो पत्र्याचा उघडा मार्ग) वेगळ्या ट्रान्सपोर्टने. किंमत जुन्या केबलीच्या अडीचपट. मालकाने सही करताना विचारलं, "आता तरी किती वर्षं?" उत्तर लिहून दिलं: तक्त्याच्या अटीत राहिलो तर निर्मात्याच्या आकड्याने वीस वर्षांच्या वर, पण राखेचा त्या तक्त्यात रकाना नाही, म्हणून पाच वर्षांनी उघडून बघायचं.

१९ एप्रिल

लोकसभेचं मतदान, प्लांट बंद. सकाळी मत देऊन सगळे शाई लावलेल्या बोटांनी कामावर. आज ट्रफ आणि चेन बसवली. सरकत्या चेनला ट्रफ सरळ नसेल तर बाकी सगळं फुकट. दोर ताणून रेषा धरली, सांध्यांवरची धार कानसून काढली. पल्ल्याच्या ज्या निम्म्या भागात खाली चेनचा पट्टा नसतो तिथे वरच्या पट्ट्याला आधार म्हणून सरकपट्ट्या बसवल्या. ट्रफच्या तळाला भोकं पाडली, राख खाली पडावी म्हणून.

२० एप्रिल

केबली. ड्रमवरून वेटोळी उचलून टाकायची नाहीत. प्रत्येक वेटोळ्यामागे केबलमध्ये एक पीळ जातो आणि तो चेनमध्ये गेल्यावर निघत नाही. ड्रम दोन स्टँडवर पाइपात अडकवला, फिरवत फिरवत केबल सरळ काढली. काल रात्रीच शेडच्या लांबीत पसरून ठेवल्या होत्या, सकाळपर्यंत त्या आपोआप सैलावल्या. पीळ बसलाय का ते पाहायला हेल्पर छपाईची रेघ धरून बघत होता. त्या रेघेवर जाऊ नको म्हटलं, ती कारखान्यातूनच किंचित फिरत आलेली असते.

चेनच्या आत उभ्या फाळण्या, प्रत्येक केबलला आपला कप्पा, दोन केबली एकमेकींवर चढणार नाहीत असा. कप्प्यात व्यासाच्या दहा टक्के तरी जागा मोकळी. ब्लॉक पकडणाऱ्या ग्रिपरच्या हवेच्या नळीला वीस टक्के, कारण दाब आला की ती फुगते. जड केबली दोन्ही कडांना, हलक्या मध्ये. एकूण भराई साठ टक्क्यांच्या आत. चेनच्या आत एकही टाय नाही. हेल्परने सवयीने दोन मारले होते, काकांनीच कापले.

दोन्ही टोकांना कंगव्यासारख्या पट्टीवर क्लॅम्प. टाय नव्हे, रुंद क्लॅम्प, जॅकेट दबेल पण आतले कोअर चिरडणार नाहीत एवढाच आवळलेला.

शील्ड: पॅनलमध्ये आणि मोटरपाशी दोन्हीकडे जाळी पूर्ण घेराने दाबून. पिळून शेपटी करून टर्मिनलला लावायची पद्धत इथे सर्रास आहे. ती उच्च वारंवारतेला शील्ड नसल्यासारखीच.

२५ एप्रिल

हळू वेगाने, मग पूर्ण वेगाने. सेन्सच्या पिना जोडल्यावर सर्वात लांबच्या एन्कोडरपाशी ५.०१. ब्रेकपाशी २२.८.

चालवून दोन दिवस झाल्यावर चेन वळणापाशी उघडून बघितली. केबल वळणात मधोमध जायला हवी. आतल्या भिंतीला टेकली तर ताणलेली, बाहेरच्या भिंतीला टेकली तर ढिली. उचलणीची पॉवर केबल आतल्या बाजूला टेकत होती. गर्डरच्या टोकाचा क्लॅम्प सैल करून तिला जरा ढील दिली, पुन्हा आवळलं. बाकी ठीक. नव्या केबली सुरुवातीच्या दिवसांत अशा थोड्या सरकतात, ही तपासणी सोडू नये.

२ जून

गेल्या आठवड्यात नागपूर देशभर गाजलं. ३० मे रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवलं आणि मग हवामान खात्याला तो सेन्सर चुकीचा असल्याचं सांगावं लागलं. काका म्हणाले, "सेन्सर बिघडला का केबल तुटली, पाहून या म्हना एकदा."

आमच्या शेडमध्ये आज दुपारी दोन वाजता चेनच्या शेजारी हवा ४९ अंश. पॉवर केबलीचं जॅकेट मध्यावर ५६, योगायोगाने तोच आकडा, पण हा खरा. पन्नासचा गुणक धरला होता तो बरा धरला. एप्रिलच्या शेवटापासून एन्कोडर फॉल्ट एकही नाही. दुपारचे ते भलत्या खांबांचे फॉल्टही आले नाहीत.

२१ जून

पाऊस आला. शेडच्या पागोळ्यांचं पाणी ट्रफच्या एका सांध्यावर पडतंय. राख, चुना आणि पाणी एकत्र आलं की काय होतं हे ब्लॉकच्या कारखान्यात वेगळं सांगायला नको: ट्रफच्या तळाला बोटभर जाडीचा थर घट्ट बसलाय, चार-पाच भोकं बुजली. अजून चेन उचलली जात नाही, पण महिनाभरात सरकपट्टीच्या उंचीला आली असती. छिन्नीने काढला, वर पत्र्याची पन्हळ लावून पाणी बाजूला वळवलं, भोकं मोठी केली.

रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवले: दर पंधरा दिवसांनी ट्रफ खरवडणे, दर तीन महिन्यांनी चेन वळणापाशी उघडून केबलची जागा बघणे. अडीच स्क्वेअरची २६ मीटरची एक केबल, जोडापासून मोटरपर्यंतच्या मापाची, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून स्टोअरमध्ये ठेवली आहे. ड्रमवर, वेटोळं करून खुंटीला नाही.